ऑफिसचं खातं, एकच लॉगिन : वाचकांचे प्रश्न

यावेळी एकाच विषयावर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलावे लागले. विषय आहे सिंगल साइन-ऑन, ज्याला ऑफिसमधले आयटीवाले एसएसओ म्हणतात. कंपनीचं एकच खातं, त्याने एकदा लॉगिन केलं की मेल, हिशोबाचं सॉफ्टवेअर, पगाराची स्लिप, रजेचा अर्ज सगळं उघडतं. पत्रं वाचताना जाणवलं की माणसं हे रोज वापरतायत पण कोणी त्यांना बसून समजावून सांगितलेलंच नाही, आणि मग काही अडलं की आपल्यालाच कॉम्प्युटर येत नाही असं मनाला लावून घेतात. असं अजिबात लावून घेऊ नका. जे कोणी सांगितलंच नाही ते कळणार कसं?

प्रश्न : ताई, मी मशीद बंदरला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्स बघते. आमच्याकडे नुकतंच सगळं बदललंय. पगाराच्या पोर्टलवर गेलं की फक्त ईमेल विचारतं, पासवर्डचा रकानाच नाही, मग स्क्रीन भलतीकडेच जाते, तिथे पासवर्ड टाकला की फोनवर काहीतरी येतं, ते दाबलं की परत पोर्टल उघडतं. हल्ली फ्रॉडचे एवढे किस्से ऐकतो की मला दरवेळी धडधडतं. ऑफिसातली पोरं म्हणतात मॅडम टाका बिनधास्त. टाकू का?

उत्तर : बिनधास्त नको, बघून टाका. तुमची धडधड चुकीची नाहीये, फक्त बघायचं काय ते कोणी सांगितलं नाही म्हणून ती थांबत नाहीये.

आधी होतं काय ते सांगते. पगाराचं पोर्टल तुमच्या कंपनीचं नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी सॉफ्टवेअर कंपनीचं आहे. पूर्वी त्या पोर्टलचा वेगळा पासवर्ड असायचा आणि तो त्यांच्याकडे साठवलेला असायचा. आता ते पोर्टल तुमचा ईमेल बघतं, @ च्या पुढचं नाव बघतं, ओळखतं की अच्छा ही अमुक कंपनी, आणि तुम्हाला तुमच्या कंपनीच्या ओळख तपासणाऱ्या पानावर पाठवतं, जे बहुतेक ठिकाणी गूगलचं किंवा मायक्रोसॉफ्टचं असतं. पासवर्ड तुम्ही तिथे टाकता. पासवर्ड बरोबर असला, फोनवरचं कन्फर्म झालं, की ते पान एक डिजिटल सही केलेली चिठ्ठी तयार करतं की ह्या ईमेलवाल्या बाईंची ओळख आत्ताच पटली आहे, आणि ती चिठ्ठी तुमच्या ब्राउझरमधूनच पोर्टलला जाते. तिची मुदत सहसा काही मिनिटांचीच असते, त्यामुळे कोणी ती नंतर वापरायला गेलं तर चालत नाही. पोर्टल सही तपासतं आणि आत घेतं. ह्यात महत्त्वाचं हे की तुमचा पासवर्ड पगाराच्या पोर्टलकडे जातच नाही, उद्या त्यांच्याकडे चोरी झाली तरी तिथे तो सापडणार नाही. ही पद्धत नवीन नाही, सॅमल नावाचं जे मानक ह्यासाठी वापरतात त्याची आजही चालणारी आवृत्ती २००५ ची आहे, आणि ओपनआयडी कनेक्ट नावाचं दुसरं आहे ते २०१४ चं. फक्त मोठ्या कंपन्यांमधून छोट्या ऑफिसांपर्यंत यायला वेळ लागला.

आता बघायचं काय. जिथे पासवर्ड टाकता त्या पानाचा पत्ता, वरच्या पट्टीतला. गूगल असेल तर तिथे अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम असतं, मायक्रोसॉफ्ट असेल तर लॉगिन डॉट मायक्रोसॉफ्टऑनलाइन डॉट कॉम. काही कंपन्यांचं पान तिसरंच असतं, मग तुमच्या आयटीवाल्यांकडून खरा पत्ता एकदा लिहून घ्या आणि डायरीत ठेवा. पत्ता वाचायचा कसा तर सुरुवातीचं चिन्ह आणि दोन तिरक्या रेघा दिसत असतील तर त्या सोडून पुढे जा, त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या अगदी आधीचं नाव बघा, खरा मालक तो. फसवणारे लोक पत्त्याच्या सुरुवातीला गूगल डॉट कॉम लिहितात आणि त्याच्या पुढे आपलं नाव जोडतात, आपण सुरुवातीचे शब्द वाचून गाफील राहतो. पानावर कंपनीचा लोगो दिसतो म्हणून विश्वास ठेवू नका, लोगो कोणीही उचलून लावू शकतं. आणि मेलमधल्या किंवा व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून पोर्टलला जाऊच नका, ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा आणि रोज तिथूनच जा.

फोनवर जे येतं त्याचा नियम एकच, आत्ता मी स्वतः लॉगिन करतेय का? करत असाल तरच हो म्हणा. रात्री जेवताना अचानक विचारणा आली, एकामागून एक येत राहिली, तर कोणाकडे तरी तुमचा पासवर्ड गेलाय असं धरून चाला, नाही दाबा आणि लगेच ऑफिसला फोन करा. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत घुसखोरी झाली ती अशीच, एका कंत्राटी माणसाच्या फोनवर विचारणा येत राहिल्या, शेवटी त्याने एक मान्य केली आणि तेवढ्यावर समोरचा आत गेला. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने २०२३ पासून नुसतं हो दाबणं बंद करून स्क्रीनवर दिसणारा आकडा फोनमध्ये टाकायला लावलं. तुम्हाला आकडा टाकावा लागत असेल तर त्रास समजू नका, तो तुमच्याच भल्याचा आहे.

आणि त्या पोरांना पण हे वाचायला द्या, त्यांनाही गरज आहे.

प्रश्न : लोअर परळला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा प्रिंटिंगचा गाळा आहे, वडिलांपासूनचा धंदा. चौदा माणसं आहेत. दोन-तीन वर्षांपूर्वी एका मुलाने ऑफिसचं सगळं ऑनलाइन केलं, डोमेन घेतलं, मेल केले, डिझाइनची सॉफ्टवेअरं, ऑर्डरचं सॉफ्टवेअर सगळं कंपनीच्या मेलने लॉगिन होईल असं लावून दिलं. काम उत्तम केलं त्याने. आता तो दुबईला गेला. नवीन माणूस आला त्याला मेल काढून द्यायला गेलो तर कळलं ॲडमिन तोच एकटा होता. फोन उचलतो पण म्हणतो बघतो, करतो. दिवाळीची कॅलेंडरं तोंडावर आहेत, काय करू?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं कारण असं पत्र मला नेहमी येतं, फक्त धंदा बदलतो. कधी दवाखाना, कधी क्लासेस, कधी हाउसिंग सोसायटी. एक हुशार, मनापासून काम करणारा माणूस सगळं उभं करतो, सगळे खुश असतात आणि तो गेल्यावर लक्षात येतं की धंदा आपला, पण धंद्याच्या दाराची चावी त्याच्या खिशात आहे. एसएसओमध्ये तर हे जास्तच खरं, कारण दारं पंधरा असली तरी चावी एकच.

पहिलं काम, आजच्या आज, डोमेन कोणाच्या नावावर आहे ते शोधा. डोमेन म्हणजे तुमच्या ईमेलमध्ये @ च्या पुढचं नाव. ते ज्या कंपनीकडून विकत घेतलं तिथे एक खातं असतं, ते खातं कुठल्या ईमेलवर आहे, पैसे कोणाच्या कार्डावरून जातात, मुदत कधी संपते हे बघा. जुन्या बँक स्टेटमेंटमध्ये किंवा सीएकडच्या बिलांमध्ये सापडेल. हे मी मेलच्या आधी सांगतेय कारण डोमेन तुमच्या हातात असेल तर बाकी सगळं परत मिळवता येतं. गूगलकडे एकुलता एक ॲडमिन गायब झाला तर ते तुम्हाला डोमेनच्या सेटिंगमध्ये, ज्याला डीएनएस म्हणतात तिथे, त्यांनी दिलेला एक कोड टाकायला लावून मालकी पटवून घेतात. मायक्रोसॉफ्टकडे पण सपोर्टमार्फत मालकी तपासून घेता येते. पण डोमेनच त्या मुलाच्या खाजगी जीमेलवर असेल तर हे सगळं अडतं. आणि डोमेनची मुदत संपून ते दुसऱ्याच कोणी घेतलं तर तो माणूस तुमच्या नावाचे ईमेल नव्याने बनवू शकतो, आणि मग ज्या ज्या सॉफ्टवेअरला फक्त त्या ईमेलवरून ओळख पटते तिथे तो तुम्ही म्हणून जाऊ शकतो. हे नुसतं घाबरवायला सांगत नाहीये, बंद पडलेल्या कंपन्यांची डोमेनं अशी विकत घेऊन जुनी खाती उघडता येतात हे सुरक्षेवर काम करणाऱ्या लोकांनी करून दाखवलंय.

दुसरं, त्या मुलाशी बोलायचं ते नीट बोला. "बघतो करतो" म्हणजे बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो, नवीन गावी नवीन नोकरीत त्याला वेळ नसतो आणि तुम्ही नक्की काय मागताय ते फोनवर स्पष्ट होत नाही. व्हॉट्सॲपवर मोघम मेसेज टाकण्यापेक्षा अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल ठरवा, त्याच्याकडून करून घ्यायचं काम एवढंच : तुमच्या कंपनीच्या मेलला सुपर ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, करणं, डोमेनचं खातं तुमच्या ईमेलवर आणणं आणि स्वतःच्या खाजगी जीमेलवरून कंपनीसाठी काही उघडलं असेल त्याची यादी देणं. त्याच्या वेळेचे पैसे द्या, त्याने मागितले नसले तरी. मुद्दाम अडवत असेल तर कायदा आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये हक्काच्या माणसाला त्याच्या सिस्टिममध्ये जाऊ न देणं हेसुद्धा येतं आणि ते वाईट हेतूने केलं असेल तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ते शेवटचं. दिवाळीच्या कॅलेंडरच्या आत वकिलाकडून काही होणार नाही, व्हिडिओ कॉलवर होईल.

ती खाजगी जीमेलची यादी मुद्दाम मागितली. कंपनीच्या मेलने उघडलेलं सगळं ॲडमिनला परत मिळवता येतं पण त्याच्या स्वतःच्या जीमेलने उघडलेलं तुमच्या ॲडमिनच्या कक्षेतच येत नाही. गूगल मॅपवरची दुकानाची नोंद, इन्स्टाग्रामचं पेज, फाँटची लायसन्सं ही नेहमी अशी राहून जातात. मॅपच्या नोंदीची मालकी मागायची सोय आहे, आधीचा मालक काही दिवसात उत्तर देत नसेल तर स्वतः पडताळणी करून घ्यायचा पर्यायही मिळू शकतो, पण तोच बसून बदलून देत असेल तर दोन मिनिटांचं काम.

हातात आल्यावर दोन सुपर ॲडमिन ठेवा. एक तुम्ही, दुसरा घरातला किंवा भागीदार, ज्याचं जाणं-येणं नोकरीवर अवलंबून नाही असा. रोजच्या मेलसाठी ते खातं वापरू नका, वेगळं ठेवा, त्याचा लांब पासवर्ड आणि बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना आत जायला आधीच काढून ठेवायचे आकडे) कागदावर लिहून गाळ्याच्या कागदपत्रांबरोबर तिजोरीत ठेवा. मायक्रोसॉफ्ट तर स्वतःच सांगतं की अडीअडचणीला दोन वेगळी खाती राखून ठेवा. आणि नवीन माणसाला कामापुरते अधिकार द्या, मेल काढणं, पासवर्ड बदलून देणं वगैरे, सुपर ॲडमिन द्यायची गरज नसते.

जुन्या मुलाचं खातं लगेच डिलीट करू नका हो. आधी सस्पेंड करा म्हणजे त्याला आत जाता येणार नाही पण त्यातल्या फायली, ग्राहकांचे मेल राहतील. मग ते दुसऱ्याच्या नावावर करून घ्या आणि नंतर डिलीट करा. गूगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेलं खातं २० दिवसांपर्यंतच परत आणता येतं, त्यानंतर नाही. आणि एक गैरसमज काढून टाका की मेल बंद केला की सगळीकडून माणूस बाहेर. नव्याने लॉगिन होणार नाही हे खरं, पण एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये तो आधीच आत असेल, किंवा तिथे त्याने वेगळा पासवर्ड पण ठेवला असेल, तर तिथलं दार उघडंच राहतं. एका ठिकाणी बंद केलं की सगळीकडे आपोआप बंद व्हावं अशी सोय असते पण ती वेगळी लावावी लागते आणि बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या ती महागड्या प्लॅनमध्येच देतात. चौदा माणसांच्या प्रेसला तो प्लॅन घ्यायची गरज मला वाटत नाही, एक यादी भिंतीला लावा की आपण कुठली कुठली सॉफ्टवेअरं वापरतो आणि माणूस गेला की त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन त्याचं नाव काढा. अर्धा तास जाईल पण काम पक्कं होईल.

प्रश्न : पावसात गाड्या बंद पडल्या की आम्हाला घरून काम करा सांगतात पण घरून लॉगिनच होत नाही, तुम्हाला इथून परवानगी नाही असं येतं. मग दादरला राहणारा एक जण चालत ऑफिसला जातो आणि आम्ही सगळे त्याला पासवर्ड देऊन कामं करून घेतो. हे बरोबर नाही माहितीये, पण दुसरा उपाय काय? (डोंबिवलीहून लोअर परळला येणारा)

उत्तर : तुमचा पासवर्ड बरोबर असूनही अडतंय कारण कंपनीने नियम लावलाय की फक्त ऑफिसच्या नेटवर्कवरूनच आत घ्यायचं. हा नियम एसएसओमध्ये एका ठिकाणी लावला की सगळ्या सॉफ्टवेअरना लागू होतो. उपायही तिथेच आहे, ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल आणि फोनवर ओळख पटली तर घरूनही आत घ्या असा नियम करता येतो. पण तो पाऊस कोसळत असताना सकाळी आठ वाजता होणार नाही, मे महिन्यात व्हायला हवा. मुंबईत पाऊस दरवर्षी येतो, कंपनीला हे अचानक आलं असं म्हणता येणार नाही. तुम्ही चार-पाच जण मिळून मॅनेजरला मेल लिहा, तोंडी नको. तोवर पासवर्ड देणं थांबवा, कारण त्या दादरच्या माणसाच्या हातून उद्या एखादं चुकीचं पेमेंट गेलं तर नोंद तुमच्या नावाची असेल आणि त्याला वाचवायला गेलात तर तुम्ही अडकाल. तो बिचारा गुडघाभर पाण्यातून जातोय, त्याच्यावर हे ओझं नको.

प्रश्न : फोनवर क्लिक केलं की ४०३ असा एरर येतो, ॲप नॉट कॉन्फिगर्ड फॉर युजर. ऑफिसच्या पीसीवर चालतं. का?

उत्तर : बहुतेक वेळा फोनमध्ये तुमचं घरचं जीमेल पुढे असतं आणि गूगल त्याच खात्याने ऑफिसचं ॲप उघडायला जातं. ऑफिसच्या ॲपमध्ये ते खातं नाही म्हणून दार उघडत नाही. एकदा इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, फक्त ऑफिसचा मेल टाकून बघा. तिथे चाललं तर कारण हेच, मग फोनमध्ये ऑफिससाठी वेगळा ब्राउझर ठेवा, त्यात फक्त ऑफिसचा मेल टाका आणि दोन्ही कधी मिसळू नका. इन्कॉग्निटोमध्ये पण तोच एरर आला तर अडचण ॲडमिनच्या बाजूच्या सेटिंगमध्ये असू शकते, त्यांना एररचा फोटो पाठवा. मायक्रोसॉफ्टवाल्यांना, ज्या खात्याने आत जातायत त्याला ॲडमिनने ते ॲप दिलेलं नसलं की, ५०१०५ ह्या आकड्याचा एरर दिसतो.

प्रश्न : कुर्ल्याला गर्दीत माझा फोन गेला. ओटीपी ॲप त्याच्यातच होतं. नवीन फोन घेतला, तेच सिम परत मिळवलं, ॲप टाकलं पण ते रिकामं आहे, कोडच येत नाहीत. ऑफिसचं काहीच उघडत नाही, दोन दिवस नुसता बसून आहे.

उत्तर : फोन जाणं काय असतं ते मुंबईत कोणाला सांगायला नको. नोकरीचं सगळं त्यात असतं हे पोलिसांना सांगून पण कोणाला पटत नाही.

कोड का येत नाहीत ते आधी. ओटीपी ॲपमधला सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो तो कुठूनही येत नाही, फोनमध्येच तयार होतो. ॲप पहिल्यांदा जोडताना क्यूआर स्कॅन केलात ना, त्यात एक गुप्त आकडा होता, तो आणि घड्याळाची वेळ ह्यातून कोड बनतो. म्हणून तो विमानात पण चालतो, नेटवर्क नसलं तरी. पण म्हणूनच सिम परत मिळवून काही होत नाही, तो गुप्त आकडा जुन्या फोनबरोबर गेला. ॲपचा बॅकअप चालू ठेवला असेल तरच नवीन फोनमध्ये येतो. (फोनची वेळ हाताने बदलून ठेवली असेल तर कोड बरोबर दिसूनही चालत नाही, वेळ नेहमी आपोआप वर ठेवा.)

उपाय तुमच्या ॲडमिनकडे आहे आणि तो दोन दिवसांचा नाही, दहा मिनिटांचा आहे. त्यांनी तुमच्या खात्याची जुनी टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, काढायची, नवीन फोन जोडू द्यायचा, आणि त्याचबरोबर सगळीकडून साइन आउट करायचं. हे शेवटचं विसरतात. चोराकडे तुमचा फोन आहे आणि त्यात ऑफिसचा मेल उघडा असू शकतो, नुसता पासवर्ड बदलून प्रत्येक ॲप लगेच बंद होईलच असं नाही. ॲडमिनने तुम्हाला फोनवरून ओळखलं नाही, प्रत्यक्ष या किंवा व्हिडिओ कॉल करा म्हणाला तर रागवू नका, कारण फोन हरवला मला कोड काढून द्या असं सांगूनच लबाड लोक पण फोन करतात.

बाकीचं पण करून टाका. रेल्वे पोलिसांकडे तक्रार दिली असेल तर तिची प्रत घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, हरवलेले फोन बंद करायच्या सीईआयआर ह्या सोयीत, फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ब्लॉक करा. बँकेला यूपीआय बंद करायला सांगा. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर एक मिनिट न थांबता १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि नवीन फोन जोडला की त्याच दिवशी बॅकअप कोड काढून घ्या, गूगल एका वेळी १० कोड देतं आणि प्रत्येक एकदाच चालतो, ते छापून घरी ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नको.

प्रश्न : काळबादेवीला आमचं कापडाचं होलसेल आहे. मुलाने ऑफिसला एसएसओ लावलं, छान चाललंय. पण माल पाठवताना सरकारी पोर्टलवर काढायच्या ई-वे बिलाला अजूनही ओटीपी लागतो आणि तो माझ्या मोबाइलवर येतो. मी गावी गेलो की माल थांबतो. ते पण ह्याच लॉगिनमध्ये आणता येईल का?

उत्तर : नाही काका, सरकारी पोर्टलं तुमच्या कंपनीचं लॉगिन मानत नाहीत. जीएसटी, ई-वे बिल, इन्कम टॅक्स ह्यांची खाती वेगळीच राहणार. सरकारचं स्वतःचं एक एकत्र लॉगिन आहे, मेरी पहचान नावाचं, जुलै २०२२ मध्ये गांधीनगरला सुरू झालं, पण ते नागरिकाने सरकारी सेवांमध्ये जाण्यासाठी आहे, तुमच्या ऑफिसच्या लॉगिनचा त्याच्याशी संबंध नाही.

ओटीपी टाळता पण येणार नाही. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसला टू-स्टेप आधी मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना होती, मग २० कोटींवरच्यांना जानेवारी २०२५ पासून, ५ कोटींवरच्यांना फेब्रुवारीपासून आणि १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच. पण तुमची अडचण ओटीपीची नाहीचे, अख्ख्या पेढीत एकच लॉगिन आहे ही आहे. ई-वे बिल पोर्टलवर सब-युजर, म्हणजे मुख्य खात्याखाली दुसऱ्याच्या नावाची लॉगिनं, काढता येतात. बिलं बनवणाऱ्या मेहताजींच्या नावाने एक काढा, त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर द्या, ओटीपी त्यांनाच जाईल, आणि बिल बनवण्यापुरताच अधिकार द्या. तुम्ही गावी निवांत राहा. मेहताजी सोडून गेले की तेवढा सब-युजर बंद करायचा, तुमच्या मुख्य लॉगिनला हात लावायची गरज नाही. सध्या तुमचा मुख्य पासवर्ड किती जणांना माहितीये ते आठवा आणि सब-युजर काढल्यावर तो लगेच बदला.

प्रश्न : ताई मी अंधेरीला एका एजन्सीत डिझायनर आहे, वय २४, पहिलीच नोकरी. राजीनामा दिलाय, शेवटचा दिवस महिन्याच्या अखेरीस. गेली दोन वर्षं मी सगळीकडे ऑफिसच्याच मेलने साइन इन विथ गूगल केलंय, अगदी माझा पोर्टफोलिओ, ऑनलाइन कोर्स, दोन-तीन शॉपिंगची ॲप्स पण. आता काय होईल? मी कोणाला विचारलं तर वाटेल मी काहीतरी चोरून नेतेय.

उत्तर : तू आत्ता विचारलंस हे खूप बरं झालं, शेवटच्या दिवसानंतर विचारलं असतंस तर मला काहीच सांगता आलं नसतं. कंपनीचा मेल कंपनीचा असतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो बंद होतो आणि ते योग्यच आहे, वरच्या प्रेसवाल्या दादांचं पत्र वाच म्हणजे त्यांची बाजू कळेल. पण तुझा पोर्टफोलिओ आणि तुझा कोर्स तुझा आहे, आणि तो तुझ्या खाजगी मेलवर नेण्यात चोरी काहीच नाही.

आज रात्री बस आणि ऑफिसच्या गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटीत जाऊन कुठल्या कुठल्या ॲपना ह्या खात्याने साइन इन केलंय ती यादी बघ. प्रत्येक वैयक्तिक ॲपमध्ये जाऊन आधी खाजगी ईमेल जोड, पासवर्ड नवीन ठेव, मग एकदा लॉगआउट करून खाजगी मेलने परत आत जाऊन बघ, आणि हे चाललं की मगच ऑफिसचं गूगल काढ. क्रम उलटा केलास तर बाहेरच राहशील. काही साइट ईमेल बदलूच देत नाहीत, तिथे सपोर्टला आत्ताच लिही कारण ते खात्री करायला जुन्याच मेलवर लिंक पाठवतात आणि तो मेल अजून तुझ्याकडे आहे.

ऑफिसच्या ड्राइव्हमधली क्लायंटची कामं मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस, एक फाइलही नाही. पोर्टफोलिओत एखादं काम दाखवायचं असेल तर तुझ्या मॅनेजरला मेलवर विचार, कुठलं काम दाखवू शकते, आणि त्यांचं उत्तर खाजगी मेलवर मागून घे. बहुतेक ठिकाणी प्रसिद्ध झालेलं काम दाखवायला हो म्हणतात.

पगाराच्या पोर्टलचं बहुतेक मुलं विसरतात. ते पण ह्याच लॉगिनने उघडतं, म्हणजे मेल गेला की तुझ्या स्लिपा पण गेल्या. सगळ्या महिन्यांच्या स्लिपा, अपॉइंटमेंट लेटर, गेल्या वर्षीचा फॉर्म १६ आत्ताच डाउनलोड करून घे, पुढचं घर भाड्याने घेताना किंवा कर्जाला तेच मागतात. ह्या वर्षीचा फॉर्म १६ आर्थिक वर्ष संपल्यावर येतो, तेव्हा तू तिथे नसशील, त्यामुळे एचआरला खाजगी ईमेल लेखी दे आणि फॉर्म १६ त्यावर पाठवा असं त्याच मेलमध्ये लिही. आणि पीएफचा यूएएन नंबर लिहून ठेव, तो नोकरी बदलली तरी तोच राहतो, फक्त त्याला जोडलेला मोबाइल आणि ईमेल तुझा स्वतःचा आहे ना ते ईपीएफओच्या पोर्टलवर तपास, ऑफिसचा दिलेला असेल तर शेवटच्या दिवसाआधी बदलून घे.